राजीनामा तेवढा लिहून देऊ नका

वाचकाचं पत्र :

‘मी ४३ वर्षांची, न्यू जर्सीत एडिसनला राहते. एका सॉफ्टवेअर कंपनीत सलग साडेआठ वर्षं आहे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन तीन वर्षं झाली; भारतीयांच्या रांगेत ग्रीन कार्ड कधी हाती पडेल ते देव जाणे. नवरा एच-४च्या, म्हणजे माझ्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, वर्क परमिटवर काम करतो, मुलगा आठवीत आहे. गेल्या आठवड्यात कळलं की इथलं ऑफिस बंद करून सगळं काम डॅलसजवळ हलवणार. कंपनीत साधारण तीनशे माणसं, त्यातली ऐंशी इथे. एचआरच्या बाईंनी फोनवरच सांगितलं, पाच आठवड्यांत टेक्ससला या, नाहीतर व्हॉलंटरी रेझिग्नेशनच्या फॉर्मवर सही करा, चार आठवड्यांचा पगार मिळेल. उत्तर शुक्रवारपर्यंत. माझे काही हक्क आहेत का विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही अ‍ॅट-विल आहात, कंपनी कधीही काढू शकते. साताऱ्याहून अण्णा विचारतात, एवढी माणसं काढायला सरकारची परवानगी लागत नाही का? सही करू का?’

— एडिसनची एक वाचक

तुमच्याकडे शुक्रवारपर्यंतच वेळ आहे, म्हणून आधी तेवढंच सांगते : त्या फॉर्मवर सही करू नका. टेक्ससला जायचं ठरो वा न ठरो, ‘मी स्वेच्छेने नोकरी सोडत आहे’ हे वाक्य तुमच्या सहीच्या वर असता कामा नये. आजच एचआरला चार ओळींची ईमेल करा. मला नोकरी चालू ठेवायची आहे, मी राजीनामा देत नाही, बदलीची ऑफर आणि इथलं काम संपण्याची तारीख दोन्ही मला लेखी कळवा, वाचून उत्तर देते. राग नको, खुलासे नकोत, घरच्या अडचणी तर मुळीच नकोत. फोन आला तर बोला, पण फोननंतर ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून पुन्हा एक ईमेल टाका.

मी वकील नाही. या देशात एचआरच्या खुर्चीत मात्र बरीच वर्षं बसले आहे आणि असे फॉर्म कसे तयार होतात ते आतून पाहिलं आहे. तेव्हा आता सविस्तर.

अ‍ॅट-विलची गोष्ट खरी आहे. मोंटाना वगळता अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत, वेगळा करार किंवा युनियन नसेल तर नोकरी याच तत्त्वावर चालते. कंपनी कारण न देता काढू शकते, तुम्ही कारण न देता सोडू शकता. १८८४ साली टेनेसीच्या सुप्रीम कोर्टाने तर नीतीला न पटणाऱ्या कारणासाठीही मालक माणसाला काढू शकतो, असं लिहून ठेवलं. पुढचं शतक या तत्त्वाला भोकं पाडण्यात गेलं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून काढायला बंदी आली. १९६७ साली चाळिशीपुढच्यांना वयावरून संरक्षण मिळालं, १९९० साली अपंगत्वावरून. तुमचं न्यू जर्सी यात पुढेच आहे. १९८० सालच्या पिअर्स खटल्यात एका डॉक्टरबाईंनी लहान मुलांच्या औषधातल्या सॅकरिनला आक्षेप घेऊन त्या कामाला नकार दिला होता. बाई स्वतः हरल्या, पण सार्वजनिक हिताच्या स्पष्ट धोरणाविरुद्ध जाऊन कोणाला काढलं तर दाद मागता येईल, हे तत्त्व त्या निकालाने राज्यात रुजवलं. १९८५ सालच्या वूली खटल्यात कोर्ट म्हणालं, कंपनीच्या हँडबुकात नोकरीची हमी दिसत असेल आणि ‘हा करार नव्हे’ असं ठळकपणे छापलेलं नसेल, तर ते हँडबुक कंपनीवर बंधनकारक ठरू शकतं. तेव्हा तुमचं हँडबुक काढा आणि सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळणारी भरपाई), बदली, नोटिस ही पानं वाचा. बहुतेक हँडबुकांत ती ठळक ओळ असतेच, पण वाचल्याशिवाय कशाला सोडायचं?

तुमच्या प्रकरणाचा गाभा मात्र यात कुठेच नाही. अ‍ॅट-विल म्हणजे काढायला कारण लागत नाही, एवढंच. काढताना नोटिस किती द्यायची आणि पैसे किती मोजायचे, याचे कायदे वेगळे आहेत. एचआरच्या बाई त्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

अण्णांना सांगा, त्यांचा प्रश्न तिकडच्या कायद्याला धरून अगदी रास्त आहे. भारतात जुन्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात करायची किंवा टाळं लावायचं तर सरकारची परवानगी लागायची. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा ३०० झाला. तिथेही हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांना आहे, मॅनेजरला नाही. अमेरिकेत परवानगी कोणालाच मागावी लागत नाही. इथे लागते ती आगाऊ सूचना, आणि न्यू जर्सीत त्यासोबत रोख रक्कम.

आता न्यू जर्सीचा कायदा. देशभर लागू असलेला वॉर्न कायदा १९८८चा. त्यात १०० किंवा जास्त माणसांच्या कंपनीने ऑफिस बंद करताना किंवा मोठी कपात करताना ६० दिवस आधी लेखी नोटिस द्यायची असते. न्यू जर्सीने स्वतःचा वॉर्न केला आणि १० एप्रिल २०२३पासून तो बराच कडक झाला. देशभरात मिळून १०० माणसं असलेल्या कंपनीने राज्यातलं काम बंद केलं किंवा दुसरीकडे हलवलं आणि त्यात ५० जणांच्या नोकऱ्या गेल्या, तर ९० दिवसांची नोटिस लागते. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवडा या दराने सेव्हरन्स द्यावंच लागतं. नोटिस ९० दिवसांपेक्षा कमी पडली, तर त्यावर आणखी चार आठवड्यांचा पगार.

तुमचा हिशेब करू. पूर्ण वर्षं आठ, म्हणजे आठ आठवडे. नोटिस पाच आठवड्यांची, म्हणजे अधिक चार. एकूण बारा आठवडे. तुमच्यापुढे ठेवलेत चार, आणि तेही राजीनाम्याच्या बदल्यात.

बदली देऊ केली होती, हिनेच नाकारली, असं कंपनी म्हणेल का? म्हणेल. पण न्यू जर्सीच्या कायद्यात ही पळवाट फार अरुंद आहे. देऊ केलेली जागा राज्यातच हवी, जुन्या जागेपासून ५० मैलांच्या आत हवी, आणि पद-पगार तोलामोलाचा हवा. तरच नोकरी गेली नाही असं धरतात. डॅलस यात बसत नाही. केंद्राच्या कायद्यातही दूरच्या बदलीला कर्मचाऱ्याने होकार दिला तरच नोकरी टिकली असं मानतात, आणि त्या होकारासाठी तो कायदा ३० दिवस धरून चालतो. तुम्हाला शुक्रवार दाखवला आहे.

मग राजीनाम्याचा एवढा आग्रह कशासाठी? कोणाच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण परिणाम काय होतो ते सांगते. आपण होऊन सोडून गेलेली माणसं या कायद्याच्या मोजणीत येत नाहीत. ऐंशीपैकी पंचवीस जण टेक्ससला गेले आणि दहा जणांनी राजीनामे लिहून दिले, की उरले पंचेचाळीस. पन्नासाचा आकडा हुकला, आणि सगळ्यांच्याच सेव्हरन्सवर पाणी पडायची वेळ आली. दबावाखाली लिहून घेतलेला राजीनामा खरा स्वेच्छेचा नव्हता, असं पुढे भांडून सिद्ध करता येतं. पण भांडण्यापेक्षा सही न करणं सोपं. म्हणून ऑफिसातल्या बाकीच्यांशी बोला. पगाराबद्दल आणि नोकरीच्या अटींबद्दल सहकाऱ्यांनी आपसात बोलणं हा मॅनेजर नसलेल्या कर्मचाऱ्यांचा १९३५पासूनचा कायदेशीर हक्क आहे, कंपनी त्यासाठी कोणाला शिक्षा करू शकत नाही. ही बोलणी कंपनीच्या चॅटवर मात्र करू नका. आणि न्यू जर्सीच्या कामगार खात्याकडे आलेल्या वॉर्न नोटिसांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यात तुमच्या कंपनीचं नाव आहे का बघा. नसेल, तर वकिलाला सांगायची ती पहिली गोष्ट.

पुढच्या आठवड्यात बहुधा दुसरा, जाडजूड कागद येईल, कंपनीवरचे सगळे दावे सोडून देण्याचा. त्याला रिलीज म्हणतात. त्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. कायद्याने मिळणारं सेव्हरन्स अशा सहीच्या बदल्यात म्हणून देता येत नाही. ते तुमचंच आहे, आणि त्यावर पाणी सोडायचं तर कामगार आयुक्तांची किंवा कोर्टाची मान्यता लागते. रिलीज हवा असेल तर कंपनीने त्यावर काहीतरी जास्तीचं दिलं पाहिजे. दुसरी गोष्ट तुमच्या वयाची. चाळीस पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याकडून वयाबाबतचे दावे सोडवून घ्यायचे, तर १९९०च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे विचार करायला २१ दिवस द्यावे लागतात. अनेकांना एकत्र काढत असतील तर ४५ दिवस, आणि कोणत्या पदांवरच्या, किती वयाच्या माणसांना काढलं, कोणाला ठेवलं, याची यादीही. सहीनंतर सात दिवसांत ती मागे घेता येते. पाच दिवसांत सही घेतलेला रिलीज वयाच्या दाव्यापुरता टिकत नाही.

ती यादी नीट वाचा. इथेच राहून घरून काम करायची मुभा कोणाला मिळाली? मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत वयाचा, बाळंतपणाचा, मूळ देशाचा काही नमुना दिसतो का? दिसला तर ईईओसी या नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्राच्या आयोगाकडे न्यू जर्सीतून ३०० दिवसांत तक्रार करता येते, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत, आणि राज्याच्या कायद्याखाली थेट कोर्टात दोन वर्षांत. एक बारकावा सांगते, कारण त्यावरून आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ‘सिटिझन नाही म्हणून डावललं’ अशी तक्रार करायचा केंद्रीय कायदा एच-१बीवाल्यांना लागू नाही. ‘भारतीय आहे म्हणून डावललं’ ही तक्रार मात्र व्हिसा कोणताही असला तरी करता येते. आणि नमुना दिसत नसेल, तर उगाच हा मुद्दा काढू नका. कंपनीने खर्च वाचवायला ऑफिस हलवणं हा भेदभाव नव्हे.

आता व्हिसा. तुमची खरी चिंता हीच असणार, आणि पैशाच्या बोलण्यात लोक नेमकी हीच बाजू विसरतात.

नोकरी संपली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो. आय-९४वरची, म्हणजे देशात राहण्याच्या परवानगीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढाच. मोजणी साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. सेव्हरन्सच्या पैशाने ती पुढे सरकत नाही. या मुदतीत नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे पोचायला हवा. त्याआधी केंद्राच्या कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या जागेबद्दलचा मंजूर कागद) लागतो, त्यात सात कामाचे दिवस जातात, शिवाय वकिलांची कागदपत्रं. म्हणजे हातात खरे दिवस पंचेचाळीसच धरा. अर्ज पोचला की मंजुरीची वाट न पाहता नव्या ठिकाणी काम सुरू करता येतं.

यावरून माझं ठाम मत असं, की एच-१बीवरच्या माणसाने एकरकमी पैशापेक्षा पे-रोलवरचे दिवस मागावेत. पाच आठवडे आणि ६० दिवस म्हणजे तीन महिने. पूर्ण ९० दिवसांची नोटिस, त्या काळात प्रत्यक्ष काम चालू, आणि मग ६० दिवस, म्हणजे पाच महिने. कंपनीने पूर्ण नोटिस दिली तर त्यांचा चार आठवड्यांचा दंड वाचतो, तेव्हा ही मागणी त्यांनाही परवडणारी आहे. तुम्हाला चार आठवड्यांच्या पगारापेक्षा हे दोन महिने कितीतरी मोलाचे. ‘घरी बसा, पगार देतो’ असं म्हणाले तर मात्र सावध. काम न करता पे-रोलवर असण्याला यूएससीआयएस नोकरी मानेलच, याची खात्री धरू नका. थोडं का होईना काम चालू ठेवून घ्या.

राजीनामा न देण्याचं एक कारण इथेही आहे. मुदत संपण्याआधी कंपनीने एच-१बी कर्मचाऱ्याला काढलं, तर त्याच्या मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च कंपनीने द्यायचा असतो. फक्त कर्मचाऱ्याचा, कुटुंबाचा नाही. स्वतःहून सोडलं तर तोही नाही. बेकारी भत्त्याचंही तसंच, स्वतःहून सोडलेल्याला तो मिळवणं फार अवघड. तसाही ग्रेस पिरियडमधल्या माणसाला ‘कामासाठी उपलब्ध’ या अटीवरून अडचण येते, म्हणून भत्ता गृहीत धरून घरखर्च आखू नका.

आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटून गेलेत, ही तुमची मोठी जमेची बाजू. आता कंपनीने तो मागे घेतला तरी एवढ्यावरून तो रद्द होत नाही. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, तुमची राहते, एच-१बीची सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ नव्या कंपनीतही मिळते. पर्म (ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याची आधीची मंजुरी) आणि आय-१४० नव्याने करावे लागतील, पण रांगेतली जागा जात नाही. नवऱ्याचं एच-४ आणि वर्क परमिट तुमच्या स्टेटसवर उभं आहे. तुमची नोकरी गेल्यावर त्यांनी काम चालू ठेवावं का, हे इमिग्रेशन वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. वकील स्वतःचा करा. कंपनीचा वकील कितीही गोड बोलला, तरी त्याची फी कंपनी देते.

‘थोडे दिवस साताऱ्याला जाऊन तिथून शोधते’ असा विचार मनात असेल तर तूर्त बाजूला ठेवा. सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. देशात वैध स्टेटसमध्ये राहून कंपनी बदलणाऱ्याला ते लागत नाही, असा खुलासा यूएससीआयएसने पुढच्याच महिन्यात केला. वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसू नका.

आणि टेक्ससला जायचं ठरलं तर? त्यात कमीपणा काही नाही. राज्याचा आयकर नाही, घरं इथल्यापेक्षा स्वस्त, आपली माणसंही भरपूर. पण जाण्याआधी कागद भक्कम हवेत. कामाची जागा वेगळ्या महानगर क्षेत्रात गेली की एच-१बीचा सुधारित अर्ज लागतो, २०१५ सालच्या सिमिओ निर्णयापासून हे पक्कं आहे. तो अर्ज तुम्ही तिथे काम सुरू करण्याआधी दाखल व्हायला हवा. ‘तुम्ही या, मग बघू’ हे चालणार नाही, कारण त्यात चूक कंपनीची आणि स्टेटस तुमचं जातं. पर्मसुद्धा जागेला बांधलेलं असतं, तेव्हा नवं पर्म कधी सुरू करणार त्याची तारीख मागा. स्थलांतराचा खर्च किती देणार, त्यावरचा कर कोण भरणार, तेही विचारा. २०१८पासून हा खर्च तुमच्या उत्पन्नात धरला जातो, आणि पंधरा हजार म्हणून दिलेले पंधरा हजार हातात येत नाहीत. बहुतेक ऑफरमध्ये वर्षाच्या आत नोकरी गेली तर खर्च परत करण्याचं कलम असतं. ‘कंपनीने काढलं तर परतफेड नाही’ हे शब्द त्यात घालून घ्या.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे टेक्ससला तुम्ही अ‍ॅट-विलच राहाल, आणि न्यू जर्सीचं सेव्हरन्स तिथे नसेल. टेक्ससचा स्वतःचा वॉर्न कायदा नाही. तिथे तिसऱ्या महिन्यात काढलं, तर आज हक्काचे असलेले आठवडे मागे एडिसनलाच राहिलेले असतील. म्हणून निदान बारा महिन्यांची हमी मागा, किंवा वर्षाच्या आत काढलं तर इथल्या हिशेबाने सेव्हरन्स देऊ असं पत्र घ्या. नाही म्हणतील कदाचित. त्या नकारावरूनही तुम्हाला बरंच कळेल.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. एडिसनच्या घरूनच काम करू द्या, असं विचारून बघा. घर आणि ऑफिस एकाच महानगर क्षेत्रात असेल तर सुधारित अर्जसुद्धा लागत नाही. कंपनीचा वकिलाचा खर्च वाचतो, सामान हलवायचा खर्च वाचतो, साडेआठ वर्षांचं माणूस टिकतं. विचारायच्या आधीच लोक हे सोडून देतात.

कंपनीच्या लॅपटॉपवरून आज आपले स्वतःचे कागद तेवढे काढून घ्या : ऑफर लेटर, पे-स्टब, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कराचा दाखला), कामाचे वार्षिक शेरे, आय-७९७ (व्हिसाच्या अर्जाची मंजुरी-नोटिस), एलसीए आणि आय-१४०च्या प्रती. कंपनीची गोपनीय कागदपत्रं, कोड, ग्राहकांच्या याद्या यांना हात लावू नका. त्यावरून ‘गैरवर्तनासाठी काढलं’ असं म्हणायची सोय होते, आणि गैरवर्तनाला सेव्हरन्स नाही. आरोग्य विम्याचं म्हणाल, तर कोब्रा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा चालू ठेवण्याची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, पण हप्ता पूर्ण तुमचा, वर २ टक्के. नवऱ्याच्या कंपनीचा विमा असेल तर आधी तो बघा. तिथे नाव घालायला सहसा ३० दिवसच देतात.

नोकरीच्या कायद्याचा वकील न्यू जर्सीत परवाना असलेलाच शोधा. काउंटी बार असोसिएशनकडे विचारलंत तर नाव मिळेल. भेटीला जाताना तो न भरलेला राजीनाम्याचा फॉर्मही घेऊन जा. वकिलाला त्यातच सगळ्यात जास्त रस वाटेल.